मामलेदार ते मोटरमन: ठाणे-कल्याणच्या जुन्या कागदांतले हुद्दे आणि धंदे

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या जुन्या कागदपत्रांत सापडणारे हुद्दे एकाच राजवटीचे नाहीत. ठाणे ज्यावर आहे ते साष्टी बेट १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेले, १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. खाडीपलीकडचा कल्याण-भिवंडीचा मुलूख मात्र, मधला थोडा काळ सोडला तर, १८१७ च्या पुणे तहापर्यंत पेशव्यांकडेच होता. त्यामुळे सन १८०० चा कागद ठाण्याचा असेल तर त्यावरचा अंमलदार ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर ठरतो आणि कल्याणचा असेल तर पेशव्यांचा. कारकून, शिपाई, हवालदार हे शब्द दोन्हीकडे सापडतात. त्यांचा धनी, त्यांचा पगार आणि त्यांचा अधिकार मात्र वेगळा असतो.

पुढे दोन्ही भाग एका जिल्ह्यात आले. आधी त्याला उत्तर कोकण म्हणत, १८३३ पासून ठाणे जिल्हा हे नाव रूढ झाले. हा जिल्हा आजच्यापेक्षा कितीतरी मोठा होता. १८८२ च्या गॅझेटिअरमध्ये त्याचे अकरा तालुके दिले आहेत. डहाणू, माहीम, वसई यांच्याबरोबर पनवेल आणि कर्जतही त्यात आहेत, आणि साष्टी तालुक्यात आजच्या मुंबई उपनगराचा मोठा भाग येतो. उपनगर जिल्हा १९२० मध्ये वेगळा झाला. ‘ठाणे जिल्ह्यात नोकरीला’ एवढीच नोंद असलेला माणूस म्हणून ठाणे शहरातच राहत होता असे धरता येत नाही. तो डहाणूच्या जंगलात असेल किंवा अंधेरीच्या चौकीवर.

इंग्रजांनी मराठी अमदानीतले बहुतेक शब्द ठेवले आणि त्यांच्या आतला मजकूर बदलला. जुने हुद्दे वाचताना सर्वांत जास्त फसगत इथे होते. पेशवाईतला मामलेदार हा मोठ्या मुलखाचा वसूल पाहणारा, बराचसा स्वतंत्र अंमलदार होता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात तर ही कामे मक्त्याने दिली जात. कंपनीचा मामलेदार म्हणजे एका तालुक्याचा पगारी अधिकारी. तो कलेक्टरच्या हाताखाली असे आणि त्याची बदली होत असे. देशमुख आणि देशपांडे यांची गोष्ट याहून वेगळी. परगण्याच्या वसुलीवर देखरेख करणारे हे वतनदार इंग्रजी अमलात कामातून बाजूला पडले, पण त्यांचे हक्क चालू राहिले. १८५० च्या एखाद्या कागदात कोणाला देशमुख म्हटले असेल, तर तो बहुधा ठरावीक नेमणूक घेणारा हक्कदार असतो. कचेरीत बसून काम करणारा अधिकारी म्हणून त्याच्याकडे पाहू नये. ही परगणा वतने आणि कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने संपली.

गावाच्या पातळीवर पाटील हा शब्द सर्वांना ओळखीचा आहे, पण वसाहतकाळात तो एकच हुद्दा नव्हता. मुलकी पाटील सारा वसूल करी आणि पोलीस पाटील गावच्या बंदोबस्ताला जबाबदार असे. दुसऱ्याची कर्तव्ये १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्यात लिहिलेली आहेत. लहान गावात दोन्ही कामे एकाच माणसाकडे असत, मोठ्या गावात ती वाटलेली असत. मुलकी पाटलाचे पद १९६२ च्या कायद्याने रद्द झाले. पोलीस पाटील आजही नेमला जातो. लेखनाचे काम घाटावर वतनदार कुलकर्ण्याकडे होते. उत्तर कोकणात पगारी तलाठ्यांवर अधिक भर होता. अनेक गावांची मिळून एक सजा आणि तिला एक तलाठी, अशी ती रचना. त्यामुळे घाटावरच्या गावाचा कुलकर्णी आणि कल्याण तालुक्यातला तलाठी यांच्या दप्तरात सारखेच कागद असले तरी त्यांचे गावाशी नाते सारखे नव्हते. एकाचे पद घराण्यात चालणारे, दुसऱ्याचे सरकारच्या हुकमाने येणारे आणि जाणारे. तलाठी हे नाव आपल्या काळापर्यंत टिकले आणि अगदी अलीकडे त्याचे ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले.

या वतनी व्यवस्थेच्या तळाशी महार वतनदार होते. सारा खजिन्यात पोचवणे, सरकारी टपाल नेणे, गावात आलेल्या अंमलदाराची कामे करणे, हद्दीच्या खुणा दाखवणे, वेशीवर राखण करणे ही सगळी कामे त्यांच्याकडे होती. कागदात ती ‘कनिष्ठ गावनोकर’ अशा एका शब्दात मावतात. १८७४ च्या वतन कायद्याने ही चाकरी कायद्याच्या चौकटीत बसवली. मोबदला अल्प, कामाला वेळेची मर्यादा नाही आणि नकार देण्याची सोय नाही, ही तिची खरी स्थिती होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. ही वतने प्रत्यक्षात रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला. त्यानंतर गावात मानधनावर कोतवाल दिसू लागला. कोतवाल या शब्दाचा प्रवास इथे उलटा झालेला आहे. पेशव्यांच्या पुण्यात कोतवाल म्हणजे शहराच्या बंदोबस्ताचा प्रमुख. महाराष्ट्राच्या गावात तो महसूल यंत्रणेतला सर्वांत खालचा नोकर ठरला. आजोबा कोतवाल होते असे एखाद्या घरात सांगितले जाते तेव्हा कोणत्या काळातले आणि कुठले, हे विचारल्याशिवाय त्या माहितीला अर्थ येत नाही.

तालुक्याच्या कचेरीत मामलेदाराखाली अव्वल कारकून, शिरस्तेदार, खजिन्याचे कारकून आणि पट्टेवाले असत. अव्वल कारकून हा नुसता लेखनिक नव्हता. मामलेदार दौऱ्यावर असताना कचेरी तोच चालवी. मोठ्या तालुक्याचा एखादा भाग वेगळा काढून त्यावर महालकरी नेमत. उरणला असा महाल होता. कलेक्टर आणि तालुका यांच्या मधला असिस्टंट किंवा डेप्युटी कलेक्टर लोकांच्या तोंडी ‘प्रांत’ झाला आणि आजही तसाच आहे. जिल्ह्याच्या मुख्य कचेरीला हुजूर म्हणत. हुजूर डेप्युटी कलेक्टर म्हणजे कोणाच्या खास मर्जीतला माणूस नव्हे, तो मुख्य कचेरीतला डेप्युटी. तिथेच मराठी पत्रव्यवहार पाहणारा चिटणीस बसे. शिवकालातल्या राजाच्या चिटणीसाची प्रतिष्ठा त्याला नव्हती, पण जिल्ह्यातला जवळजवळ प्रत्येक मराठी अर्ज त्याच्या टेबलावरून जाई. मामलेदाराला १९६६ च्या महसूल संहितेने तहसीलदार हे नाव दिले, तरी १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा जुन्या नावाने चालू राहिला. शेताची वाट अडवली किंवा पाणी तोडले, तर शेतकरी आजही त्याच कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागतो.

न्यायखात्यातले जुने हुद्दे एका कायद्याने दोन काळांत वाटले गेले आहेत. १८६९ पूर्वी मुन्सफ, सदर अमीन आणि प्रिन्सिपल सदर अमीन अशी उतरंड होती. त्या वर्षीच्या मुंबई दिवाणी न्यायालय कायद्याने त्यांच्या जागी पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे सबॉर्डिनेट जज आणले. एखाद्या निकालावर मुन्सफाची सही असेल तर तो त्याआधीचा, हे एवढ्यावरूनच कळते. नाझर हा कोर्टाचा व्यवस्थापक. समन्स, जप्ती आणि लिलाव त्याच्याकडे असत. बेलिफ त्याच्या हाताखाली फिरे. कोर्टात पंखा ओढणारा माणूस उन्हाळ्यापुरता ठेवला जाई. त्याला पगारपत्रकात जागा होती, सेवेत नव्हती.

जमीन मोजणीच्या खात्यात मोजणीदार, साखळी ओढणारे आणि प्रतबंदी करणारे असे वेगवेगळे लोक असत. पहिले दोघे जमिनीची लांबी-रुंदी पाहत, तिसरा तिचा कस ठरवी. मुंबई इलाख्याची साखळी ३३ फुटांची होती. साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे माप डोंबिवलीतला इमारतीचा व्यवहार अजून वापरतो. प्रतबंदी करणाऱ्याने खाचराला किती आणे लावले यावर त्या घराचा सारा तीस वर्षांसाठी ठरे. गावकऱ्यांच्या दृष्टीने म्हणून तो मोजणीदारापेक्षा मोठा माणूस होता, सरकारी यादीत त्याचे स्थान काहीही असो.

साष्टीत सरकार आणि कूळ यांच्यामध्ये आणखी एक माणूस होता. कंपनीने या बेटावरची गावे मुंबईच्या धनिकांना पट्ट्याने दिली. पवईची जमीन १७९९ मध्ये डॉ. हेलेनस स्कॉट यांच्याकडे गेली आणि १८२९ मध्ये फ्रामजी कावसजी यांच्याकडे. अशा जमीनदारांनाही कागदात खोत म्हटलेले आढळते. रत्नागिरीकडचा वंशपरंपरागत खोत आणि साष्टीतला हा पट्टेदार यांना एकाच तराजूत तोलणे चूक आहे. पट्टेदार स्वतः मुंबईत राही. गावात त्याचा मुकादम आणि गुमास्ता दिसत. कोकणातली खोती १९४९ च्या कायद्याने संपली. साष्टीतल्या जमीनदारांसाठी १९५१ चा वेगळा कायदा करावा लागला, कारण मूळ करारच वेगळे होते.

ठाण्याच्या खाडीकाठी सर्वांत मोठा उद्योग मिठाचा होता. मालकी हक्काने चालणारी काही आगरे शिलोत्री म्हणून ओळखली जात. इतर सरकारी होती. मालक, पट्टेदार आणि प्रत्यक्ष मीठ पिकवणारा मिठागरी हे तीन वेगळे लोक. मिठागरी बहुतेक आगरी समाजातले असत. मीठ खात्याचे शिपाई, नाईक आणि कारकून आगरावर पहारा करीत, कारण कर चुकवून मीठ बाहेर जाऊ नये. त्यांच्यावर सरकारकून असे. हा शब्द सर आणि कारकून असा फोडून वाचायचा, म्हणजे वरिष्ठ कारकून. ‘सरकार’ या शब्दाशी त्याचा संबंध नाही. ताडी-माडीच्या धंद्यात झाड चढणारा भंडारी, दुकानाचा मक्तेदार आणि त्या दोघांवर नजर ठेवणारा आबकारी खात्याचा नोकर अशी साखळी होती. १८७८ च्या आबकारी कायद्यानंतर झाडावरचा कर वाढला आणि झाड चढण्याचे पिढीजात काम परवान्याच्या आधीन झाले. शहापूर-मुरबाडच्या जंगलांत त्याच वर्षीच्या वन कायद्याने तसेच घडवले. कात काढणारा आणि कोळसा पाडणारा कातकरी आता जंगलाच्या गार्डच्या परवानगीने काम करू लागला, आणि परवानगी नसेल तर तोच माणूस कागदात गुन्हेगार म्हणून नोंदला जाऊ लागला. धंद्याच्या नोंदीतून हा बदल कळत नाही. तिथे आधीही कातकरी आणि नंतरही कातकरीच लिहिलेले असते.

कल्याणचे बंदर जुने. गलबतावर तांडेल, सुकाणी आणि खलाशी असत. रेल्वे आली तेव्हा यांतले काही शब्द खाडीतून जमिनीवर आले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी आली, १ मे १८५४ रोजी मार्ग कल्याणला पोचला. १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट खुला झाला, आणि कल्याण हे दोन घाटांच्या पायथ्याचे जंक्शन ठरले. पहिल्या वीस मैलांचे कंत्राट फॅव्हिएल आणि फाउलर या इंग्रज कंत्राटदारांकडे होते, आणि जमशेटजी दोराबजी यांच्यासारखे पारशी कंत्राटदारही ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी.आय.पी.) रेल्वे कंपनीची कामे घेत. दोघांच्याही हाताखाली मजूर आणणारा, त्यांना उचल देणारा आणि त्यांच्या मजुरीतून आपला वाटा काढणारा मुकादम होता. अवजड लोखंड उचलणे, दोर बांधणे, तुळया चढवणे ही कामे जहाजावरच्या माणसांना येत होती, म्हणून रेल्वेत असे काम करणारा खलाशी झाला. पुढे हा शब्द लोको शेडमधल्या कोणत्याही बिनकुशल कामगाराला लागू झाला. १९३० च्या सेवापुस्तकात ‘खलाशी’ पाहून घराण्याचा समुद्राशी संबंध जोडू नये. तो संबंध शब्दाचा आहे, माणसाचा असेलच असे नाही.

रेल्वेच्या हुद्द्यांत बारकावे फार आहेत आणि ते समजून घेण्यासारखे आहेत, कारण कल्याण, ठाकुर्ली आणि डोंबिवलीतल्या शेकडो घरांची रोजीरोटी त्यांवर चालली. रुळाची देखभाल करणाऱ्या टोळीतला तो गँगमन; त्यांच्यावर मुकादम किंवा मेट; रोज आपल्या हद्दीतला मार्ग चालत जाऊन रुळाच्या चाव्या ठोकून घट्ट करणारा तो कीमन. पावसाळ्यात घाटात कीमनच्या एका फेरीवर गाडीचा जीव अवलंबून असे, तरी यादीत त्याचे नाव गँगमनला लागूनच येते. या सगळ्यांवर परमनंट वे इन्स्पेक्टर, लोकांच्या भाषेत पी.डब्ल्यू.आय. सांधा बदलणारा पॉइंट्समन, त्याचा मराठीत पैटमन झाला. कॅबिनमध्ये खटके ओढणारा कॅबिनमन, सिग्नलचे दिवे भरून पेटवणारा लॅम्पमन, फाटकावरचा गेटमन ही सगळी वेगळी पदे होती आणि त्यांच्या पगारांत दोन-चार रुपयांचा फरक घराच्या दृष्टीने मोठा होता.

इंजिनावरची शिडी अशी होती: क्लीनर, दुसरा फायरमन, पहिला फायरमन, शंटर आणि मग ड्रायव्हर. क्लीनर म्हणून भरती झालेला मुलगा इंजिन पुसत पुसत वर जाई. घाटातल्या आणि मेल गाड्यांच्या ड्रायव्हरांच्या जागा मात्र दीर्घकाळ युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांसाठी राखल्यासारख्या होत्या. कल्याणच्या रेल्वे वसाहतीत म्हणून त्यांची मोठी वस्ती होती. ड्रायव्हर-फायरमनला अवेळी घरी जाऊन उठवणारा कॉलबॉय आणि ड्रायव्हरची पेटी इंजिनापर्यंत नेणारा बॉक्सबॉय यांच्या नावांत ‘बॉय’ असला तरी ती माणसे पोरवयाची असतीलच असे नव्हते. ‘अँग्लो-इंडियन’ हा शब्दही तारखेने वाचावा लागतो. १९११ पूर्वीच्या सरकारी भाषेत तो भारतात राहणाऱ्या इंग्रजांना लागत असे आणि मिश्र वंशाच्या लोकांना युरेशियन म्हणत. त्या वर्षी तो मिश्र वंशीयांचे अधिकृत नाव झाला.

१९२५ मध्ये बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली, त्याच वर्षी १ जुलैला जी.आय.पी. रेल्वे सरकारने ताब्यात घेतली, आणि पुढे विजेचा मार्ग कल्याणपर्यंत आला. ठाकुर्लीजवळ चोळे येथे १९२९ मध्ये वीजघर उभे राहिले. या बदलाने फायरमनची गरज नसलेला चालक आला, तो मोटरमन. वाफेचे बॉयलर इंजिनांवरून वीजघरात आले आणि तिथे बॉयलर अटेंडंट हा नवा हुद्दा तयार झाला. १९५१ मध्ये जी.आय.पी. मध्य रेल्वेत विलीन झाली, तरी पेन्शनच्या कागदांत कंपनीच्या काळातली पदे पुढे कित्येक वर्षे येत राहिली. अलीकडच्या वर्षांत गँगमनचा ट्रॅकमेंटेनर झाला, ड्रायव्हरचा लोको पायलट आणि २०२२ मध्ये गार्डचा ट्रेन मॅनेजर. लोकलच्या चालकाला मात्र सगळे अजून मोटरमनच म्हणतात.

लष्कर आणि पोलिसांतले हुद्दे सर्वांत फसवे आहेत, कारण तेच शब्द मराठी राज्यातही होते. कल्याणचा सुभेदारवाडा ज्या रामाजी महादेव बिवलकरांची आठवण देतो, ते पेशव्यांचे सरसुभेदार होते. प्रांताचा कारभार त्यांच्याकडे होता. इंग्रजी फौजेतला सुभेदार म्हणजे पलटणीतला वरिष्ठ भारतीय अधिकारी, आणि कितीही वर्षे नोकरी झाली तरी सर्वांत नव्या गोऱ्या लेफ्टनंटच्या खाली. तरीही या पदाने ज्या समाजांना समाजाने उभे राहू दिले नव्हते त्यांना शिक्षण, पेन्शन आणि मान दिला. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, आणि आई भीमाबाई मुरबाडच्या मुरबाडकर घराण्यातल्या, त्यांचे वडील सुभेदार-मेजर होते. गडाचा हवालदार हा शिवकाळात किल्ल्याचा मुख्य होता; कंपनीच्या फौजेत तो सार्जंटच्या तोडीचा झाला आणि पोलिसांत हेड कॉन्स्टेबलचा. जमादार फौजेत सुभेदाराच्या खालचा अधिकारी होता आणि १९६५ मध्ये त्याचे नायब सुभेदार झाले. पोलिसांत जमादार ही वेगळी पायरी, आणि नगरपालिकेत जमादार म्हणजे सफाई कामगारांच्या टोळीवरचा माणूस. फौजदार मोगल काळात सरकारचा, म्हणजे जिल्ह्याएवढ्या भागाचा लष्करी अंमलदार होता. इंग्रजी काळात चीफ कॉन्स्टेबलला लोक फौजदार म्हणू लागले आणि पुढे तेच नाव सब-इन्स्पेक्टरला चिकटले.

तुरुंगातही असाच एक सापळा आहे. ठाण्याचा किल्ला एकोणिसाव्या शतकात तुरुंग झाला. तिथल्या नोंदींत वॉर्डर भेटतो आणि कन्व्हिक्ट वॉर्डरही भेटतो. दुसरा नोकर नव्हता. तो चांगल्या वर्तनाबद्दल इतर कैद्यांवर नेमलेला कैदीच होता, आणि १८९४ च्या तुरुंग कायद्याने अशा कैद्यांना लोकसेवक मानले होते.

नगरपालिका कल्याणला १८५५ मध्ये आणि ठाण्याला १८६३ मध्ये झाली. जकात नाक्यावरचा नाकेदार, कोंडवाड्याचा कारकून, पखालीने रस्त्यावर पाणी मारणारा भिस्ती आणि रस्त्यावरचे दिवे लावणारा दिवेवाला हे तिचे नोकर. बिगारी हा शब्द मुळात वेठीचा, बिनपगारी कामाचा. नगरपालिकेच्या आणि बांधकाम खात्याच्या पगारपत्रकात तो पगारी मजुराचा हुद्दा झाला. मुंबई-आग्रा रस्त्यावर ठरावीक मैलांची दुरुस्ती करणारा मैलकुली आणि त्यावर देखरेख करणारा ओव्हरसिअर यांची नावेही तशीच रुजली. दवाखान्यात हॉस्पिटल असिस्टंट म्हणून नोंदलेला माणूस मदतनीस नव्हता. लहान गावातला तोच डॉक्टर, आणि १९१० च्या सुमारास त्याला सब-असिस्टंट सर्जन हे नाव मिळाले. शाळेत पंतोजीचा मास्तर झाला, आणि शाळा तपासायला येणाऱ्या डेप्युटी इन्स्पेक्टरला सगळा गाव नुसते डेप्युटी म्हणे.

कचेऱ्यांतला कारकून हा ठाणे-कल्याणचा खरा प्रातिनिधिक नोकर म्हणावा लागेल, विशेषतः १८८७ मध्ये डोंबिवलीला स्थानक झाल्यानंतर. कंपनीच्या काळात रायटर हे इंग्रज नोकराच्या पहिल्या पायरीचे नाव होते. आज पोलीस ठाण्यात रायटर म्हणजे नोंदी लिहिणारा हवालदार. गुमास्ता हा सावकाराचा किंवा व्यापाऱ्याचा प्रतिनिधी; दुकाने आणि आस्थापना कायद्याखालच्या नोंदणीला ठाणे-डोंबिवलीतले दुकानदार अजून गुमास्ता लायसन्स म्हणतात. कारकून या एका शब्दाखाली किती वेगळी आयुष्ये असतात हे क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांवरून दिसते. १८४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या शिरढोण येथे जन्मलेले, कल्याणला काही शिक्षण झालेले फडके पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात वर्षानुवर्षे कारकून होते. सेवेच्या कागदावर त्यांची ओळख तेवढीच आहे.

नोकरीची स्पर्धा हुद्द्यांपुरती न थांबता माणसांच्या नावांपर्यंत पोचली. साष्टी-वसईच्या ख्रिस्ती लोकांना इंग्रज ‘पोर्तुगीज’ म्हणत. गोवा आणि मंगळूरहून आलेले ख्रिस्तीही याच नावाखाली मोडत आणि रेल्वे, कचेऱ्या, गोद्या यांतल्या जागा मिळवत. आपण पहिल्यापासून ब्रिटिश प्रजा आहोत हे दाखवण्यासाठी इथल्या लोकांनी १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ईस्ट इंडियन हे नाव घेतले आणि संघटनाही स्थापली. त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या कागदांत एकच कुटुंब दोन नावांखाली सापडू शकते.

धंद्यांची सर्वांत मोठी यादी जनगणनेची आहे आणि ती वाचताना सर्वांत जास्त सावध राहावे लागते. १८८१ च्या १७ फेब्रुवारीपासून १९३१ पर्यंतच्या सगळ्या गणना फेब्रुवारी-मार्चमध्ये झाल्या. उत्तर कोकणात हा मिठाचा हंगाम. पावसाळ्यात भात लावणारा आगरी तेव्हा आगरावर असतो, कातकरी कोळशाच्या भट्टीवर असतो, आणि भातशेतीवर जगणारे अनेक जण मुंबईत हमालीला गेलेले असतात. एकाच माणसाचे दोन-तीन धंदे असताना गणकाने मुख्य म्हणून कोणता लिहिला, हे त्या दिवसावर आणि गणकाच्या समजुतीवर ठरले. १९११ मध्ये बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाच्या पद्धतीवर आधारलेली १६९ गटांची विभागणी आली, त्यामुळे आधीच्या आकड्यांशी सरळ तुलना करता येत नाही. बायकांच्या कामाची नोंद तर जवळजवळ हरवलेलीच आहे. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली मासे विकणारी कोळीण कधी कमावती म्हणून मोजली गेली, कधी नवऱ्यावर अवलंबून म्हणून. भात कांडणारी, सुईण, मोलकरीण यांची तीच गत.

दुसरी अडचण जात आणि धंदा यांच्या सरमिसळीची. कुणबी हा शब्द कधी जातीचा, कधी नुसता शेतकरी या अर्थाचा. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरे तपासली तेव्हा हा प्रश्न हजारो घरांच्या आयुष्याशी जोडला गेला. जन्म-मृत्यूच्या गाव नमुना १४ मध्ये, कोतवाल बुकात किंवा शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये कोणता रकाना कशासाठी होता हे पाहिल्याशिवाय त्यातल्या शब्दाचा अर्थ लावता येत नाही. आडनावांचेही तेच. पाटील, चौधरी, म्हात्रे, पोतनीस, तांडेल या नावांच्या मुळाशी हुद्दे आहेत, आणि म्हात्रे तर गावप्रमुखाच्या ‘महत्तर’ या जुन्या पदाशी जोडले जाते. पण आडनाव कायम झाल्यानंतर ते धारण करणाऱ्याचा त्या कामाशी संबंध उरला होता याचा पुरावा वेगळा द्यावा लागतो.

हे कागद वाचण्याची साधने चांगली आहेत. मोल्सवर्थच्या शब्दकोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती रोजच्या भाषेतले हुद्दे त्या काळच्या अर्थासह देते, एच. एच. विल्सनचा १८५५ चा महसुली आणि न्यायालयीन शब्दांचा कोश इलाख्यांमधले फरक दाखवतो. ठाणे जिल्ह्याचे १८८२ चे गॅझेटिअर कोणते काम कोणत्या समाजाकडे होते आणि गावाचा कारभार कोण चालवी, हे सविस्तर सांगते. फक्त ते सरकारच्या नजरेने लिहिलेले आहे आणि कनिष्ठ नोकरांची बाजू त्यात नाही. इंग्रजी कागदांत गावांची नावे बदलतात, ठाण्याचे ताना आणि कल्याणचे कॅलियन होते, म्हणून शोध घेताना दोन्ही रूपे धरावी लागतात. मराठी कागद विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडीतही लिहिले जात. इलाख्याचे दप्तर मुंबईत राज्य पुराभिलेखागारात आहे, पेशवाईचे पुण्याच्या पेशवे दप्तरात, आणि तालुक्यांच्या कचेऱ्यांचे अभिलेख कक्ष अजून आपापल्या जागी आहेत. गावचे नमुने, सजांची दप्तरे आणि मोजणीची टिपणे बहुधा या शेवटच्या ठिकाणीच सापडतात, आणि कनिष्ठ नोकरांची नावेही त्यांतच असतात.